परातीत मांडलेला कार्बोरेटर

सकाळी चहा टाकत होते तेव्हा राळेगावहून फोन आला. कमलताईंची मुलगी सुनंदा बोलत होती. "मावशी, आई गेली. झोपेतच..." कमलताईंचं वय झालं होतं, माझंही झालं आहे. अशा फोनची मनात कुठेतरी तयारी असतेच. तरी गॅस बंद करायला हात पुढे गेला तो बराच वेळ तिथेच राहिला.

अठ्ठावन्न साली मी राळेगावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. धर्म नवा होता, पण आडनाव तेच होतं, आणि ते सांगितलं की घरमालकाला खोली एकाएकी स्वतःलाच लागायची. अशी चार-पाच दारं फिरून मी कमलताईंच्या ओट्यावर पाणी मागायला थांबले. त्यांनी पाणी दिलं, कुठून आलीस विचारलं, आणि मागची खोली रिकामी असल्याचं आपणहून सांगितलं. नंतर वाद नको म्हणून मी आधीच आडनाव सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ते मले कायले सांगते? खोली पाह्य आधी, पावसाची गळते थोडी." त्या खोलीत मी सात-आठ वर्षं राहिले.

कमलताईंचे यजमान शंकरभाऊ आधी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काळी इंग्रजी मोटार शंकरभाऊंनी घेतली आणि ती भाड्याने चालवू लागले. लग्नाची वऱ्हाडं, कापसाचे व्यापारी, यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट... राळेगावात त्यांच्या मोटारीचा आवाज सगळ्यांना ओळखू यायचा. शंकरभाऊ बोलके, गाणारे, मोटारीशी आणि बायकोशी सारख्याच लाडाने भांडणारे.

एका हिवाळ्यात मोटार त्रास देऊ लागली. चालू व्हायची, दम लागल्यासारखी खोकायची आणि बंद पडायची. खाली पेट्रोल टपकायचं. शंकरभाऊ आज बघू, उद्या बघू करत राहिले. एका सकाळी भाडं दारात उभं होतं आणि मोटार काही केल्या सुरू होईना. ते चिडून पुढचं हँडल फिरवत राहिले, आणि एकदा ते उलट फिरून उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या खोलीत ऐकला. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण उजवं मनगट वळेना, मुठीत जोर येईना.

त्यानंतरचे शंकरभाऊ निराळेच होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी भेटायला आलं तरी हूं की चूं नाही. वर्ध्याचा एक भंगारवाला मोटार पाहून गेला आणि ते त्याला हो म्हणून बसले. तो आठवड्याने बैलगाडी घेऊन मोटार ओढून नेणार होता.

रविवारी सकाळी मी बाहेर आले तर त्या मोटारीचं झाकण उघडून आत वाकलेल्या. इंजिनाच्या कुशीला लागलेला कार्बोरेटर त्यांना सोडवायचा होता. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मोजून देणारं हे यंत्र, आणि दुखणं तिथेच आहे, एवढं त्यांनी नवऱ्याच्या बोलण्यातून कधीतरी ऐकलेलं. ओसरीवर शंकरभाऊ पडलेले होते. कमलताईंनी एक मोठा पाना नटाला लावला आणि जोर केला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा ओसरीवरून आवाज आला, "तो नोको, बारका घे. नटाचे कोपरे मरून जातीन."

कमलताई म्हणाल्या, "मले काय मालूम? तुमी सांगान तं समजन."

आणि शंकरभाऊ उठून बसले. कित्येक दिवसांनी ते स्वतःहून बोलले होते. मुद्दाम चुकीचा पाना घेतला होता का, असं पुढे मी कमलताईंना पुष्कळदा विचारलं. त्या दरवेळी विषय बदलायच्या.

तो कार्बोरेटर स्वयंपाकघरात पितळेच्या परातीत उघडला गेला. पेट्रोलचं काम म्हणून चूल विझवली होती. त्या दिवशीच्या भाकरी शेजारच्या घरी झाल्या. शंकरभाऊ बाजूला बसून सांगत होते, आम्ही दोघी करत होतो. निघेल तो भाग जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडायचा. पेट्रोलची धार सोडणारे, सुईच्या अग्राएवढी भोकं असलेले पितळी जेट तारेने टोकरायचे नाहीत, भोक मोठं होतं, तोंडाने फुंकायचे. मी फुंकले, आणि दिवसभर माझ्या तोंडाची पेट्रोलची चव गेली नाही. जोडातून गळू नये म्हणून बसवलेल्या, आता फाटलेल्या गॅस्केटच्या जागी शाळेच्या जुन्या नकाशाचा जाड पुठ्ठा कापून बसवला.

खरा रोग निघाला फ्लोटमध्ये. हा पितळेचा पोकळ डबा पेट्रोलवर तरंगतो आणि पुरेसं भरलं की येणारी वाट बंद करतो. आमचा तरंगतच नव्हता. शंकरभाऊंनी तो कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल खळखळत होतं. शेजारून गरम पाणी आणून त्यात तो बुडवला, तर एका कडेने बारीक बुडबुडे निघू लागले. भोक सापडलं! आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत भोक बुजवायला तापवलेल्या कथलाचा डाग द्यायचा नाही, भडका उडेल, असं शंकरभाऊंनी बजावलं. म्हणून तो उन्हात वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी कमलताईंनी कथलाचा डाग दिला, पण तो जास्त झाला. फ्लोट जड होऊन पुन्हा बुडू लागला. त्यांनी डाग वितळवून काढला आणि नव्याने दिला, टिकलीएवढा. फ्लोट तरंगला तेव्हा शंकरभाऊ हसले.

सगळं जोडून झालं, पण हँडल मारायचं राहिलं होतं. तेच हँडल. शंकरभाऊ म्हणाले, राहू दे, चौकातून कोणाला तरी बोलावू. त्यांचा चेहरा उतरला होता. कमलताईंनी पदर खोचला. मग ते जवळ येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात सांगू लागले, अंगठा बोटांच्या बाजूला ठेव, मुठीत आवळू नको, खालून वर ओढ, वरून दाबू नको... त्यांचा दुखरा हात कमलताईंच्या खांद्यावर होता. दोन-तीन झटके वाया गेले. मग मोटारीने एक उचकी दिली आणि एकसारखी चालू लागली. शंकरभाऊ मडगार्डला टेकून रडले. भंगारवाला आला त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पण चालवायची कोणी? शंकरभाऊंनी गावाबाहेरच्या माळावर बायकोला शिकवलं. परवान्याच्या परीक्षेत साहेबांनी कमलताईंना पुन्हा पुन्हा फिरवलं आणि शेवटी परवाना दिला. तरी स्टँडवर मोटार उभी केली की चालवायला बाई पाहून लोक एसटीकडे वळत. असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. नातू कुरकुरला, आजी, बाई चालवते इथं. म्हातारी म्हणाली, "मले त मोटरच दिसत नाही बापा, चालवणारा कुठून दिसन? बसव मले."

ती यवतमाळला गेली, ऑपरेशन झालं, आणि परत येताना तिनेच निरोप धाडून कमलताईंची मोटार बोलावली. गावात उतरल्यावर तिने ज्याला-त्याला सांगितलं की आपण ड्रायव्हर पाहून आलो, चांगली आहे. त्यानंतर मोटार रिकामी राहिली नाही. शाळेच्या मुलींना परीक्षेला न्यायचं असलं की आईबापच विचारायचे, कमलबाई नेतील ना? शंकरभाऊ शेजारच्या सीटवर बसून पुन्हा गाऊ लागले होते.

फोननंतर तीन आठवड्यांनी मी राळेगावला जाऊन आले. सुनंदाने मला जेवायला घातलं, आम्ही पुष्कळ बोललो, थोडं रडलो. परतताना तिची मुलगी मला गाडीने स्टँडवर सोडायला निघाली. पोरीने गाडीचं दार उघडलं, पण बसली नाही. ती गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आली, प्रत्येक चाकाकडे वाकून पाहिलं आणि शेवटी बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर थांबली. कमलताई प्रत्येक प्रवासाआधी अगदी असंच करायच्या, दुसऱ्याच्या गाडीत बसायचं असलं तरी. मी विचारलं, "हे कोणी शिकवलं गं तुला?"

"काय?" ती म्हणाली. आपण काही केलं हे तिला माहीतच नव्हतं. तिने गाडी सुरू केली.