ब्लीचिंगची बालदी

"डाल. कोहनी तक डाल," शेठ म्हणाला.

समोर ब्लीचिंगच्या पाण्याची बालदी. सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिथल्या पांडेसरा भागातल्या डाईंग मिलमध्ये मी साड्यांच्या घड्या घालायची. त्या दिवशी उकाड्यानं बाह्या वर सारल्या न् काळ्या साडीवर माझ्या कोपराचे पांढरे पापुद्रे पडले. शेठनं साडी सगळ्यांसमोर झटकली. मिलमध्ये हाताला रंग चढला की ब्लीचिंगनं काढतात. माझ्या हातावरचे लाल चट्टे त्याला रंगच वाटले. रंग नाहीतर घाण.

आणि मी हात बुडवले, मूर्खासारखे! आगडोंब उसळला. वीस जणी बघत होत्या.  

त्याआधी बाळंतपणात माझं डोकं फिरलं होतं. पोटचं लेकरू ओळखू येईना. शेजारच्या उधन्यातल्या डॉक्टरनं लिथियमची गोळी सुरू केली. खोटं कशाला बोलू, त्या गोळीनं लेकरू मला परत दिलं. पण काही महिन्यांत अंगावर चट्टे उठले. डॉक्टर आपला मराठी माणूस, म्हणून विश्वासानं दाखवले. त्यानं खुर्ची मागे ओढली. "तुम्हा लोकांना अंघोळीचा कंटाळा. गोळीचा काही संबंध नाही."

मी खरं मानलं. दगडानं घासून रक्त काढलं. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून कामाला जायला लागले.

ब्लीचिंगनं हात सोलले तेव्हा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. विचारलं, "मनाची गोळी चालू आहे का?" आजवर कुणीच विचारलं नव्हतं. म्हणाल्या, हा सोरायसिस. त्या गोळीनं भडकतो. दुसऱ्याला लागत नाही. पण गोळी आपल्या मनानं सोडू नका, बदलून मागा. चिठ्ठी लिहून दिली.

ती घेऊन उधन्याला गेले.

"बाहेर थांब," डॉक्टर म्हणाला.

"नाही थांबत. वाचा. आणि मी रोज अंघोळ करते, तेही लिहून ठेवा."

त्यानं वाचलं. गोळी बदलली. माफी? छे!

दुसऱ्या दिवशी शर्ट न घालता मिलमध्ये गेले. शेठनं बघितलं न् बालदीकडे बोट केलं. मी ती पायानं त्याच्यापुढे सरकवली.

"शेठ, पहले तुम डालो."

त्यानं तिथंच कामावरून काढलं. काढू दे. सुरतेत काय त्याची एकच मिल आहे? चट्टे अजून येतात, जातात. मी झाकत नाही. यापुढे कुणी माझ्यासमोर बालदी ठेवलीच, तर ती त्याच्याच डोक्यावर ओतीन.