पाचशे अठ्ठ्याण्णवचा तिसरा हिस्सा

मंडळी, चौकातल्या फळ्यावरचा सुविचार पुसून हे लिहितोय. आज मला शिसारी आलीय.

मी गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेतो. त्यातली पद्मा, विणकराची पोरगी, दुपारी लाल तळहात घेऊन आली. गुरुजींनी विचारलं होतं, पाचशे अठ्ठ्याण्णवचा तिसरा हिस्सा अंदाजे किती? ती चटकन म्हणाली, "दोनशेला जरा कमी." मांडणी केली नाही म्हणून छडी! शेजारच्या पोरानं सुबक मांडणी करून सतराशे चौऱ्याण्णव काढले, त्याला शाबासकी. अहो, हिस्सा अख्ख्याहून मोठा?

तडक शाळेत जाऊन भांडलो. गुरुजी म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं मला गणित शिकवू नये!" त्यांची मुलगी तिथंच शिकवते. जिच्यासाठी मी रोज त्या रस्त्यानं सायकल काढतो, तीच. पद्माचं बरोबर होतं हे तिला कळत होतं. पण ती वहीत बघत राहिली.

संध्याकाळी पद्माला विचारलं, "दोनशे दोनचे निम्मे अंदाजे किती गं?"

"पाटी द्या की दादा, आधी मांडते."

उद्या शाळेत माझ्यासोबत कोण येतंय? की तुम्हीही वहीतच बघत राहणार?