आपलीच गल्ली काहून?

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, प्रभावतीबाई भाजी घेऊन जयपूरच्या बनी पार्कमधल्या आपल्या गल्लीत शिरल्या. मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातली सोनसाखळी ओढून नेली. बाई पडल्या, मनगट मोडलं. त्यांचे यजमान शेषराव तेव्हा घरात टीव्ही पाहत होते.

तेव्हापासून शेषरावांना एका जागी बसवेना. मूळचे वर्ध्याचे, रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर. बदलीनं जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. दिवसातून चारदा ते बायकोला विचारत, "आपलीच गल्ली काहून?"

"मले काय मालूम? तुम्ही बसा बरं जरा," त्या म्हणत.

ते बसत नसत. गल्लीत फेऱ्या मारताना त्यांना नव्यानं दिसू लागलं. तीन दिवे बंद. रिकाम्या प्लॉटवर कचरा. सिग्नलचा एक बोल्ट सैल सोडला की पुढचा सुटतोच, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं.

मुलगी सोनम कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. शेषरावांनी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे आम्ही वर्गात शिकवतो. असं मानणाऱ्या गुन्हेशास्त्रज्ञांना उजवे वास्तववादी म्हणतात. त्यांच्या मते चोर परिस्थितीपुढे लाचार नसतो, तो विचार करून ठरवतो. मिळेल किती, सापडू का. मोडकं तसंच पडलेलं दिसलं की त्याला कळतं, इथं कुणाचं लक्ष नाही. म्हणून मोडलेलं लगेच दुरुस्त करा, फाटक लावा, लहानशी आगळीकही खपवून घेऊ नका."

"मग बरोबरच आहे."

"अर्धं. गरिबीबद्दल ते फारसं बोलत नाहीत. आणि अशी कडक शिस्त आली की पहिला फटका कोणाला बसतो, तेही पाहावं लागतं."

शेषरावांनी 'बरोबर' तेवढं घेतलं. महापालिकेत खेटे घालून दिवे लावून घेतले, प्लॉट साफ करवला. कॉलनीच्या समितीकडून गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं, चौकीदार ठेवला. नियम झाला : बाहेरच्यानं गल्लीत थांबायचं नाही. त्यात इस्त्रीवाली रामप्यारी गेली. अकरा वर्षं ती कडुनिंबाखाली ठेल्यावर इस्त्री करत होती. शेषरावांनीच तिला सांगितलं. तिनं कोळसे विझवले आणि ठेला ढकलत निघून गेली.

गल्लीत चोरी थांबली. मे महिन्यात मागच्या गल्लीत, प्रभावतीबाईंची मैत्रीण इंदुमती हिची साखळी गेली.

"आपण चोर थांबवला नाही," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तिच्या दारात धाडला."

त्या रात्री दोघंही जेवले नाहीत.

पंधरा दिवसांनी त्या दोघांतला एक चोर सापडला. ओळख पटवायला पोलिसांनी प्रभावतीबाईंना बोलावलं. पोरगेला, सव्वीस-सत्तावीसचा, सीतापुऱ्याच्या कारखान्यातून कामावरून काढलेला. फौजदाराची परवानगी घेऊन शेषरावांनी त्याला विचारलंच, "हमारी ही गली क्यों?"

तो खाली पाहत म्हणाला, "अंधेरा था. और प्रेसवाली छह बजे चली जाती थी. दिन में दो बार आए थे, वो घूरती रही. उसके जाने के बाद देखने वाला कोई नहीं था."

परतताना शेषराव रिक्षात हिशेब करत होते. अंधाराचं त्यांचं गणित खरं ठरलं होतं, पण गल्लीवर नजर ठेवणारी एकटी बाई त्यांनीच घालवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रामप्यारीला शोधलं. ती स्टेशनजवळच्या एका गेस्टहाऊसच्या मागं उभी होती. त्यांनी चोराचं बोलणं तिला सांगितलं आणि हात जोडले. "मेरी गलती थी. वापस आ जाओ."

"नंबर भी याद था मुझे उस गाड़ी का," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "किसी ने पूछा ही नहीं."

समितीचे अध्यक्ष कौशिकजी म्हणाले, एकाला सूट दिली की नियम मोडला. शेषरावांनी समिती सोडली आणि स्वतःच्या फाटकाच्या आत, पोर्चमध्ये, तिला जागा दिली. रामप्यारी आली, पण दुपारपुरती. गेस्टहाऊसचं काम तिनं सोडलं नाही. "अब दो जगह रखूँगी, साहब," ती म्हणाली. 

मागच्या गल्लीतले दिवे अजून बंद आहेत. रोज सकाळी शेषराव त्यासाठी अर्ज घेऊन निघतात. इंदुमती संध्याकाळी बाहेर पडत नाही, प्रभावतीबाईच तिच्याकडे जातात. गळा मोकळा, दुखरा हात पदराखाली, आणि मागून गाडीचा आवाज आला की भिंतीला लागून उभ्या राहतात.