ओट्यातला निळा

फरशीवाले पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी त्यांना मेलेले समजलो. ओटा बसवायला आलेला हा ताडमाड माणूस स्वयंपाकघरात आडवा, गाल ग्रॅनाइटला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मी बोंब ठोकली, बायको धावली, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर अनवाणी वर आले. तेव्हा प्रेताने दुसराही डोळा उघडून आम्हालाच दटावलं, "उजेड अडवू नका. फेल्डस्पार बघतोय."

फेल्डस्पार म्हणजे ग्रॅनाइटमध्ये गच्च भरलेलं खनिज. जगात पायलीला पन्नास. पण फरशीवाल्यांना वाटे, ते खास त्यांच्या भेटीसाठीच जमिनीतून वर आलंय. आमचा ओटा बसेपर्यंत मीसुद्धा लोळून दगड बघायला लागलो होतो.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मात्र दगड तो दगडच. सगळा संसार हा माणूस त्यांना चकाकी दाखवायला हाका मारी. त्या हात पुसत येत, "काळा आहे" म्हणत आणि परत जात.

एक दिवस फरशीवाल्यांचा फोन आला. आनंदाने धड बोलता येईना. गोदामात एक लादी सापडली होती. दिसायला करडी, पण एका ठरावीक कोनातून पाहिली की आतला फेल्डस्पार मोरपिसासारखा निळा पेटे. मान जरा हलली की गुल! ही लादी घरच्या ओट्याला लावायची आणि एकदा तरी बायकोकडून वाहवा मिळवायची, असं त्यांनी ठरवलं. गॅससमोर उभं राहून, खिडकीचा उजेड बघत, ते लादी कितीदा तरी फिरवत बसले. शेवटी मनासारखी चिकटवली आणि मलाही बोलावलं.

वहिनींना डोळे मिटून आणलं. उघडल्यावर त्यांनी नीट पाहिलं.

"करडा आहे," त्या म्हणाल्या.

मागे उभ्या फरशीवाल्यांना निळा लख्ख दिसत होता, आणि मीही उंचीला त्यांच्याइतकाच, म्हणून मलाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनी नवऱ्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या, आणि या शहाण्याने सगळा कोन स्वतःच्या डोळ्याला जुळवला होता. लादी तर आता निघणार नव्हती.

मी स्टूल आणलं. वहिनी चढल्या.

"अगंबाई, हे दाखवत होतात होय तुम्ही मला?"

फरशीवाले हसले, रडले आणि उंची नसलेल्या बायकोला त्यांनी तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

स्टूल पायात येतं म्हणून दुसऱ्याच दिवशी माळ्यावर गेलं. निळा दिसतो त्या जागी आता मिक्सर आहे.