कडू घासाचं पातेलं

स्टुटगार्टातली आमची गल्ली इतकी चढाची, की पोस्टमन वर पोचेपर्यंत बारशाच्या पत्रातलं बाळ शाळेत जायला लागलेलं असे. चढाच्या टोकावरच्या इमारतीत आम्ही, आणि आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी टायरवाला. त्याने वर फोन उचलला की आमच्या कुकरची शिट्टी लाजून गप्प बसायची. तो रोज गावी आईशी बोले. थोरला भाऊ इस्रायलच्या तुरुंगात, हा शाळकरी होता तेव्हापासून. म्हातारीचं मागणं एकच: डोळे मिटायच्या आत पोराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायचा.

दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात करार ठरला. गाझात धरून ठेवलेला एक इस्रायली सैनिक परत येणार, बदल्यात हजारावर पॅलेस्टिनी कैदी सुटणार. कॅन्टीनमध्ये मी शेजारच्या टेबलावरच्या इस्रायली इंजिनिअरला म्हटलं, "अभिनंदन! तुमचा पोरगा घरी येतोय."

त्याने काटा खाली ठेवला. "गेनाऊ, अगदी बरोबर. येतोय. आणि माझी मावशी ज्या बसमध्ये गेली, ती बस उडवणाराही घरी जातोय. तू नक्की कशाचं अभिनंदन करतोयस?"

बोलण्यात मला हरवणारा माणूस ऱ्हाइनच्या अलीकडे जन्माला आलेला नाही. पण त्या दुपारी मी बटाट्याचं सॅलड तेवढं संपवलं.

पुढे एका संध्याकाळी घरी येतो, तर जिन्यात वरून गर्जना, "एर कॉम्ट फ्राय!" म्हणजे तो सुटतोय; सुटणाऱ्यांच्या यादीत भावाचं नाव लागलं होतं. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर म्हणे आग लागली समजून बादली घेऊन धावला. मीही दारातूनच ओरडलो, "अगं, वरच्यांचा भाऊ सुटला!"

बायको घरात नव्हती. ऐकलं ते पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी. "सुटला बिचारा," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी म्हटलं, वा, काय मन आहे! थोड्या वेळाने बघतो तर फिकी साडी नेसून, पिठलं-भाताचं पातेलं धरून, वरच्या जिन्यात.

"अहो आई, हे काय?"

"जावईबापू, मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं कडू घास न्यायचा असतो. जर्मनीत एवढंही विसरलात?"

"अहो, तो मेला नाही! तुरुंगातून सुटला!"

"मग तसं नीट मराठीत सांगायचं की!"

तोवर दार उघडलं होतं. आत अर्धं स्टुटगार्ट नाचत होतं. टायरवाल्याने पातेलं घेतलं, सासूबाईंचा हात कपाळाला लावला, आणि हे हिंदुस्थानी लोकांचं आनंदाचं पक्वान्न आहे असं पाहुण्यांना जाहीर करून टाकलं. पिठलं असं उडालं, की लग्नात जिलबी उडत नाही. खाली येताना सासूबाई पुटपुटल्या, "सांगू नका त्याला. पण शकुन बरा नाही झाला."

सुटकेच्या दिवशी टीव्हीवर बसमधून माणसं उतरत होती, आया बिलगत होत्या. त्याचा भाऊ त्यांत नव्हता. सुटला होता, पण हद्दपारीच्या अटीवर. त्याला परस्पर परदेशी धाडलं, गावी परतायला बंदी. आणि म्हातारीला देशाबाहेर पडायचा परवाना कोण देणार? वरचा मजला इतका गप्प झाला, की आवाजाची तक्रार करण्यात हयात घालवलेली खालची जर्मन आजी चौकशीला आली.

मग एका दुपारी तो पातेलं परत द्यायला आला. घासून लख्ख केलेलं, रिकामं.

"फ्राय आहे आता तो," जर्मनमध्येच म्हणाला. "आल्झो, म्हणजे जगात कुठेही जायला मोकळा. घर सोडून."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तुरुंग जवळ होता. निदान काचेपलीकडे दिसायचा."

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय?" आयुष्यभर तिखटमीठ लावून बोलणारा मी, त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. त्या पातेलं घेऊन आत गेल्या. बेसनाचा डबा उघडला, फोडणी चुरचुरली.

त्याने वास घेतला आणि हात जोडले. "हे तुमचं आनंदाचं जेवण. आज नको."

"काय म्हणाला?" आतून प्रश्न आला.

"आज नको म्हणतोय."

"आजचंच आहे म्हणावं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच्यासमोर ताट ठेवलं.