ओझ्यावर मोजणारे वायरमन

कोणतीही वस्तू हातात आली की वायरमन आधी ती पालथी करायचे. पंखा असो, मिक्सर असो, लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ असो. पुढून ती कशी दिसते यात त्यांना काडीचा रस नसे. चष्मा कपाळावर सरकवून, वस्तू नाकाशी धरून ते मागचं लेबल वाचायचे आणि समोरच्याला सुनवायचे, "तोंड काय बघतंस? पाठ बघ, पाठ."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात तुम्ही पाहिला असेल. आमच्या मुरबाडात त्यांना सगळे वायरमन म्हणत, पण वीज कंपनीच्या नोकरीत ते एक दिवसही नव्हते. म्हसा रस्त्याला माझ्या मामाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथे काउंटरवर मी बसते. वायरमन दिवसातून दोनदा यायचे. एकदा सामान न्यायला आणि एकदा माझी खोड काढायला.

माझं पोषण पत्रकांवर झालं आहे. वडील चळवळीची पत्रकं लिहायचे, मी लिहिते. काउंटरखाली एखादा गठ्ठा कायम असतो. वायरमन त्यातलं एक उचलायचे, लगेच पालथं करायचे आणि कोरी बाजू मला दाखवायचे. "पाठ कोरी हाय गो. किती ओझं उचलंल, कायच लिवलं नाय."

मला त्यांचा राग यायचा. एवढं सगळं कळणारा माणूस बंगलेवाल्यांच्या दारात पाना-पक्कड घेऊन उभा राहतो, याचा जास्त यायचा.

आमच्या तालुक्याला रेल्वे नाही, पण सेकंड होम आहेत. डोंगराच्या पायथ्याशी जिथे गुरं चरायची, तिथे आता कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीवर एखाद्या झाडाचं किंवा पाखराचं नाव आहे. आत लॉन. ही माणसं शनिवारी गाडीतून येतात, हवा खातात आणि सोमवारी ठाण्याला जाऊन आपण किती साधेपणाने राहिलो हे लोकांना सांगतात. यांना शेजार नको असतो, पण शेजारी काय करतो हे मात्र फोनवर दिसायला हवं असतं.

अशाच एका साहेबांच्या मुलाने परदेशातून कॅमेऱ्याची घंटी पाठवली. गेटवर कोणी बटण दाबलं की साहेबांना ठाण्यात बसल्या जागी त्याचं तोंड दिसणार. त्या गेटवर येतं कोण? दूधवाला, मीटर बघणारा आणि वाडीवरच्या कोंबड्या. या तिघांवर नजर ठेवायला साता समुद्रापलीकडून यंत्र आलं.

साहेबांचा कंत्राटदार ती घंटी घेऊन दुकानात आला. आपल्याकडच्या साध्या बेलला थेट घरातली वीज जोडतात, तशीच ही जोडायची त्याची तयारी होती. मी त्याला अडवलं. घंटीमागे 'सोळा ते चोवीस व्होल्ट, एसी' असं छापलं होतं. वीज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला नसता तर ती पहिल्या मिनिटाला जळाली असती. मी ऐटीत सोळा व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर काढून दिला. त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही.

पंधरा दिवसांनी बुधीताई दुकानात आली. डोंगराकडच्या वाडीवरची ही बाई त्याच बंगल्यात झाडलोट करायची, बाग बघायची, किल्ल्या सांभाळायची. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी बंगल्यामागच्या एका खोलीत राहत होत्या. मुलगी मुरबाडला बारावीत. वाडीवरून कॉलेजला रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. खोली होती म्हणून कॉलेज होतं.

"सायेब बोलतात, रोज दिवेलागणीला तू घंटी बंद करतंस," ती म्हणाली. "बोलतात, कुणाला तरी आत घेतंस. आयतवारी येनार हायत. बोलले, सामान बांधून ठेव. मी त्या बटनाला हात नाय लावला गो. माज्या पोरीची शपथ."

माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहायला लागले. मालकशाही, संशय, श्रमणाऱ्या बाईची अब्रू. तीन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात वायरमन आत आले. त्यांनी बुधीताईचं सगळं ऐकून घेतलं, माझ्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बंद होते ती काळोख पडायच्या टायमालाच?"

"व्हय. सकाळी आपोआप चालू होते."

मग ते माझ्याकडे वळले. "ट्रान्सफॉर्मर कुणी दिला?"

"मी. सोळा व्होल्टचा. बरोबर दिलाय काका, मागचं वाचून दिलाय."

"आनि व्हीए?"

मी कपाटाकडे पाहिलं.

त्यांनी कपाटातून तसलाच दुसरा ट्रान्सफॉर्मर काढला, पालथा केला आणि माझ्यापुढे ठेवला. आठ व्हीए. घंटीला निदान वीस लागत होते.

"व्होल्ट म्हंजे बैलाची उंची. व्हीए म्हंजे ताकद," ते म्हणाले. "म्हसा गावच्या जत्रेत उंची बघून बैल घेतलास तर लोक हसतील ना? गाडीला जुपून बघतात तितं. दिवसा ही घंटी नुसती बसलेली असते. काळोख पडला की काळोखात बघायचे दिवे तिच्या पोटात पेटतात, ओझं वाढतं. तुजा बैल तितं बसतो." आणि माझा कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "लिव आता. मालकशाही लिव."

एखाद्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. कारण त्यांचं खरं होतं.

मी मोठा ट्रान्सफॉर्मर काढायला लागले. आमच्याकडे चोवीस व्होल्टचा होता. त्यांनी तो नाकारला. "हा रिकामा असला की सत्तावीस दाखवतो. घंटीची हद्द चोवीस. सोळाचा घेशील तर गेटपातूर वायर लांब, वाटंतच दम जाईल. अठरा पायजे, चाळीस व्हीएचा." असा तयार मिळेना. शनिवारी ते जीप बदलत किन्हवलीमार्गे शहापूरला गेले, ओळखीच्या एका माणसाकडे बसून त्यांनी तारा गुंडाळून तो नवा बनवून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत गेले. व्हरांड्यात साहेब खुर्चीवर बसले होते. बुधीताई पायरीखाली उभी होती आणि तिच्या बाजूला दोन गाठोडी बांधलेली.

वायरमननी घंटीच्या तारा सोडवून मीटर लावला. जुना ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना अठरा दाखवत होता.

"बघा," साहेब म्हणाले, "यात काही दोष नाही. मी म्हटलंच होतं, माणसातच दोष आहे."

वायरमननी खिशातून ट्रकच्या इंडिकेटरचे दोन बल्ब काढले आणि त्याच तारांना जोडले. बल्ब मिणमिणले. मीटर अकरावर येऊन बसला. मग शहापूरचा ट्रान्सफॉर्मर लावला, तेच बल्ब जोडले. आकडा हलला न हलल्यासारखा झाला.

"मी रिकामं मोजत नाय, सायेब. ओझ्यावर मोजतो."

"म्हणजे चुकीचा बसवला होता? कोणी दिला?"

वायरमन वायर सोलत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "मी दिला," मी म्हणाले. "मागची दुसरी ओळ वाचली नव्हती."

साहेब हसले. "असू दे. होतं असं कधीकधी."

माझ्या चुकीला एवढंच. जिने चूक केलीच नव्हती, तिची गाठोडी पायरीशी बांधलेली. हाच यांचा न्याय, आणि यावर यांना रात्री झोपही लागते. मी पुढे झाले. "यांची माफी मागा," म्हणणारच होते. वायरमननी पक्कड आडवी धरून मला थांबवलं.

जुना ट्रान्सफॉर्मर त्यांनी पुन्हा घंटीला जोडला होता, नवा त्यांच्या डाव्या हातात होता. तो त्यांनी पिशवीत परत ठेवला.

"बसवा ना," साहेब म्हणाले.

"बसवतो. बाईला आनि पोरीला इतं ऱ्हायचं का जायचं, तेवढं बोला."

"अहो, त्याचा आणि घंटीचा काय संबंध?"

"नसंल. मंग घंटीपन ऱ्हाऊ द्या."

बाहेर अंधारून आलं. साहेबांच्या हातातल्या फोनवर गेटचं चित्र थरथरलं आणि काळं झालं. त्यांनी बुधीताईकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहूनच बोलले, "राहू दे तिला."

"तिला सांगा."

"राहा गं तू."

"पोरीची परीक्षा होईपातूर नाय. ती शिकतेय तोवर."

"बरं, बरं. तोवर."

 बुधीताई गाठोडी उचलून खोलीकडे गेली. वायरमननी ट्रान्सफॉर्मर बसवला.

परतताना मी त्यांच्यावर तुटून पडले. माफी मागायला का लावली नाही? गुन्हेगाराला नुसतं सोडून दिलं!

"माफीत पोरीला झोपायला जागा हाय का गो?" एवढं बोलून ते जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले, मला मागे बसवलं.

त्यांच्याशी मी पुढे वर्षभर भांडत राहिले. साहेब माफीशिवाय सुटले हे मला आजही पटलेलं नाही. पण बुधीताईच्या मुलीने बारावी पार केली, आता ती नर्सिंगला आहे, आणि सुट्टीत येते ती त्याच खोलीवर.

यंदा भातकापणीच्या दिवसांत वायरमन गेले. झोपेतच. दहाव्याला बुधीताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांना घंट्या बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दाराला बेल नव्हती. कोणीही यावं, अंगणात उभं राहून हाक मारावी. दार पुढे ओढलेलं होतं. घरची माणसं नदीवरून अजून परतली नव्हती.

बुधीताई अंगणात थांबली. डोक्यावरची तांदळाची पिशवी तिने कमरेवर घेतली आणि सवयीने मोठ्यांदा ओरडली, "ओ वायरमन, हायत का घरात?"

मग तिने पदर तोंडावर धरला. आम्ही दोघी दाराकडे बघत तशाच उभ्या राहिलो.