शिंगवाली बाई

इंदापूरच्या पेठेत झुंबरतात्यांचं दुकान आणि माझं भांड्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तात्या सोनार. चाळीस वर्षं देवांचे टाक घडवतात आणि फावल्या वेळात जुनी नाणी ओळखतात. या नादापायी सगळी पेठ त्यांची चेष्टा करते, सगळ्यात जास्त मी. एकदा त्यांनी एक नाणं चिंचेनं घासून लख्ख केलं आणि त्यावरची अक्षरंच घालवली. तेव्हापासून जुन्या नाण्याजवळ चिंच आली, की त्यांचा जीव वरखाली होतो.

गेल्या माघात भिगवणकडच्या म्हाळसाबाई नवे टाक न्यायला आल्या. घरची मेंढरं कधीच विकली, आता ऊस करतात. झिजलेले देव घरात ठेवत नाहीत, म्हणून जुने टाक त्याच दिवशी नरसिंहपूरला संगमात सोडायचे होते. मुलगा सिद्धू बाहेर पिकअप चालू ठेवूनच बसला होता. जुन्यांत पाच चांदीचे, सहावा काळपट, गोल. त्यावर चेहरा पार गेलेली एक उभी बाई, हातात शिंग. शिंग आहे म्हणजे आपल्या मेंढक्यांचीच देवी, असं त्यांच्या आजेसासऱ्यांनी ठरवलं आणि तीन पिढ्यांनी तिला पुजलं. पाण्यात सोडायच्या आधी हिला जरा उजळून द्या, म्हणत बाईंनी पिशवीतून चिंच काढली.

तात्यांनी त्यांचा हातच धरला. बाईमाणसाचा हात धरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. देवीच्या दुसऱ्या हातात तराजू होता, तो सोनाराच्या नजरेतून कसा सुटेल? मेंढक्यांच्या देवीला तराजू कशाला? हे नाणं असणार, म्हणत त्यांनी ते उलटं केलं. खालची बाजू हळद-तेलाच्या जाड थराखाली दडलेली होती.

त्यांनी अर्धा तास मागितला. गोडं तेल लावून बाभळीच्या काट्यानं ते थर सोडवू लागले. काटा जरा निसटला तरी संपलं. सिद्धूनं हॉर्न वाजवला, तसा तात्यांनी काटा वर उचलून धरला. आधी दाढी दिसली, मग कुरळे केस, पानांचा मुकुट आणि कडेनं इंग्रजीसारखी अक्षरं. नाण्यांची नोंद ठेवलेल्या आपल्या वहीत बघून त्यांनी एकेक अक्षर जुळवलं. अँटोनिनस. रोमचा बादशहा. काशाचं नाणं, जवळजवळ एकोणीसशे वर्षांचं.

मी त्यांच्या कानात म्हणालो, हे ठेवून घ्या, त्यांना असंच दुसरं ओतून द्या, पाण्यातच तर जायचंय. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते. तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंना त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

बाईंनी नाणं उचलून हातात घेतलं. "मग आमी इतकी वर्सं कुणाला हात जोडलं, तात्या?"

"ती त्या रोमवाल्यांची देवीच हाय. तराजूवाली, खऱ्या मापाची. पण आपली न्हाय."

बाईंनी नाणं मुठीत घट्ट धरलं. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. आता ती मूठ पिकअपमध्ये बसणार आणि संगमावर उघडणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तरी द्या म्हणून तात्यांनी मागितलं नाही.

"आमीबी मेंढरामागं फिरत फिरतच हितं आलो," बाई म्हणाल्या. "ही तर समुद्रापलीकडनं आली. तिला पाण्यात कशी लोटू?"

पाच टाक संगमाला निघाले. सहावा बाईंनी पदराच्या गाठीत बांधला. चिंच तात्यांनी मागून घेतली. पायरी उतरता उतरता बाईंनी विचारलं, आता देव्हाऱ्यात कुठली बाजू वर ठेवू?

तो राजाचा चेहरा निदान देव्हाऱ्यात तरी उजेडात राहावा म्हणून तात्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

"बाईच वर असू द्या," ते म्हणाले. "राजा हळदीत पालथा होता, म्हणून तर वाचला."